मावशींचं तोंड दिसेल असा एक फोटो

तारीख २५ एप्रिल, शनिवार, सकाळची शाळा. हजर: स्वयंपाकाच्या मावशी, शाळा व्यवस्थापन समितीचे अध्यक्ष, म्हणजे गावाचे आबा, माझे सहशिक्षक, ज्यांना सगळे नुसतं सर म्हणतात, अंगणवाडीच्या ताई, पहिली ते चौथीची एकेचाळीस मुलं, पैकी दोन गैरहजर, एकाला गालफुगी आणि एक मामाच्या लग्नाला, साखर कारखान्यांवरून त्याच आठवड्यात परतलेले आईबाप, आणि मी, मुख्याध्यापिका.

नावं इथे देत नाही, पण त्या दिवशीच्या वहीत ती आहेत आणि मावशींचं नाव पहिलं आहे. यादीत कोणाचं नाव कितवं घ्यायचं यावर मी नोकरीत बराच विचार केला आहे. त्यांचं पहिलं घ्यावं हे मला फार उशिरा सुचलं.

आमची शाळा पाटोदा तालुक्यातल्या एका गावाच्या कडेला, माळावर आहे. दोन खोल्या, व्हरांडा, झेंड्याचा कट्टा, एक कडुनिंब आणि मागच्या अंगाला पत्र्याचं किचन शेड. नऊ वर्षांपूर्वी मी इथे बदलून आले तेव्हा मावशींना त्या शेडमध्ये अकरा वर्षं झालेली होती. शाळेतलं सगळ्यांत जुनं माणूस त्याच. पण त्यांना सेवापुस्तक नाही, निवृत्तीचं वय नाही, निवृत्तीचा आदेश नाही. मानधनावरच्या माणसाला कागदावर शेवटचा दिवस नसतो. तो एका सकाळी यायचा थांबतो, एवढंच.

फेब्रुवारीत एकदा ताटं घासून झाल्यावर मावशी ऑफिसच्या दाराशी आल्या. खुर्चीवर बसा म्हटलं तरी उंबऱ्यावरच टेकल्या.

“मॅडम, परीक्षा झाल्या की मी थांबते. गुडघं न्हाई म्हनायलेत.”

“डॉक्टरांना दाखवलं का?”

“दाखवलं. त्यो बी न्हाईच म्हनला.”

मी वही उघडली आणि लिहायला लागले. निरोप समारंभ, शाल, नारळ, साडी, चहा, दोन भाषणं. मावशी माझ्या पेनकडे बघत होत्या.

“काय लिवायलात?”

“तुमच्या निरोपाची यादी.”

“निम्मी खोडा. एप्रिलमधी शाल कुनी पांघरतंय व्हय? मला एक फोटो पायजे. ह्या तोंडाचा.” आणि त्यांनी स्वतःच्या गालावर बोटाने टिचकी मारली.

मग कारण सांगितलं. चार वर्षांपूर्वी त्यांचे मालक गेले तेव्हा भिंतीवर लावायला घरात त्यांचा एकही फोटो नव्हता. मुलाने मतदान कार्डावरचा फोटो बीडला नेऊन मोठा करून आणला. “आता भितीवर हायती, पर डोळं उगडं हायती का मिटल्यात, ते मला बी सांगता यीना. चाळीस वर्सं संसार केलाय मी त्यांच्यासंगं.” मग पिशवीतून आधार कार्ड काढून माझ्या टेबलावर ठेवलं. चेहऱ्याच्या जागी एक करडा डाग, त्यात दोन पांढरे ठिपके.

“मी मेले की पोरगं हेच मोठं करनार. घरात येनारा जानारा म्हनंल, कोन ही चोर?”

“मुलाच्या मोबाइलवर काढायचा की.”

“काढला. त्यो मोबाइल मला गोरी करतोय. नात म्हनली, आजी, ही बाई कोन?” त्या हसल्या आणि लगेच हसायचं थांबल्या. “माजं तोंड दिसंल असा पायजे. आन् तिथं पायजे, माज्या जाग्यावर. खुर्चीत बसून न्हाई.” हात किचन शेडकडे होता.

मी यादीतली शाल खोडली आणि सगळ्यांत वर लिहिलं: मावशींचा फोटो, शेडमध्ये, तोंड दिसेल असा.

मला वाटलं, हे काम सोपं आहे. काहीच नाही जमलं तर जुन्या फोटोंत एखादा चांगला सापडेलच. कारण शाळेची फोटोंची फाइल मीच ठेवते आणि ती फाइल म्हणजे माझा अभिमान. दर सव्वीस जानेवारीला एक आणि दर पंधरा ऑगस्टला एक, असे नऊ वर्षांचे अठरा फोटो. प्रत्येकाखाली माझ्या अक्षरात ‘बसलेले डावीकडून’, ‘उभे डावीकडून’. तालुक्याला कोणीही यावं आणि माझ्या फाइलवरून फाइल करायला शिकावं.

अठराही फोटो काढून टेबलावर मांडले. मावशी जवळजवळ प्रत्येक फोटोत होत्या आणि एकाही फोटोत दिसत नव्हत्या. झेंड्याच्या दिवशी मुलांना बुंदी असते. चुलीवर कढई असायची, म्हणून त्या शेडच्या दारातच उभ्या राहायच्या. पुढे सगळं अंगण उन्हात लखलखीत आणि मागे दारातल्या सावलीत पदर पुढे ओढलेली एक आकृती. साडीचे काठ ओळखता येत होते, चेहरा नाही. काही फोटोंत तेही नाही, नुसतं काळं दार. खालच्या यादीत तर त्या कुठेच नव्हत्या. एका वर्षी पाहुण्यांच्या गाडीचा ड्रायव्हरही मी नावानिशी लिहिला होता.

मला लाज वाटली. ती इथे नोंदवते आणि पुढे जाते.

कॅमेरा माझा स्वतःचा आहे. बीडच्या एसटी स्टँडजवळ एक फोटो स्टुडिओ आहे, त्या स्टुडिओवाल्याने नवा कॅमेरा घेतला तेव्हा त्याचा जुना डिजिटल मी घेतला. त्या कॅमेऱ्याला स्वतःचा एक छोटा फ्लॅश होता, टिचकीसरशी वर उघडणारा. खोलीत त्याने फोटो काढला की माणूस पोलिसांनी नुकताच पकडल्यासारखा दिसायचा. कपाळ पांढरंफटक, मागे भिंतीवर काळी सावली. मी त्या स्टुडिओवाल्याकडे जाऊन मावशींचं काम सांगितलं. त्याने कपाटातून मुठीत मावेल एवढा एक काळा डबा काढला आणि माझ्या कॅमेऱ्याच्या डोक्यावर खटकन बसवला. हा बाहेरचा फ्लॅश. पोटात चार पेन्सिल सेल, आणि खरी गंमत म्हणजे त्याची मान हलते. वर होते, बाजूला होते, पार मागेही वळते.

“मॅडम, लाइट माणसावर फेकू नका,” तो म्हणाला. “भिंतीला द्या. भिंत माणसाला देईल.”

एवढंच त्याचं शिक्षण. बाकीचं मी घरी केलं. महिनाभर रोज संध्याकाळी अर्धा तास. स्टीलचा तांब्या, पितळी घागर आणि वर्तमानपत्र वाचणारा नवरा, असे तीन नमुने समोर ठेवून. मान सरळ, मान छताकडे, मान भिंतीकडे. जोर पूर्ण, अर्धा, पाव. प्रत्येक फोटोचा आकडा वहीत आणि पुढे शेरा. छताकडे मान केली की प्रकाश वरून मऊ उतरायचा, तांब्यावर नुसती एक रेघ चमकायची आणि नवऱ्याच्या कपाळावरच्या आठ्यासुद्धा मोजता यायच्या. त्या वाढत गेल्या, कारण तिसऱ्या आठवड्यात त्याने वर्तमानपत्र खाली ठेवून विचारलं, “माझा निरोप समारंभ कधी आहे?”

मार्चमध्ये मला वाटलं, जमलं. मुलांच्या ओळखपत्रांचे फोटो काढायचे होते. वर्गात एकेकाला उभं केलं, फ्लॅशची मान डावीकडच्या भिंतीकडे वळवली आणि भराभर सगळी मुलं उरकली. कॅमेऱ्याच्या छोट्या पडद्यावर ती मला ठीक वाटली. संध्याकाळी फोटो पालकांच्या ग्रुपवर टाकले.

आमच्या वर्गाच्या भिंती बोलक्या आहेत, म्हणजे त्यांच्यावर पाढे, बाराखडी, जिल्ह्याचा नकाशा असं सगळं रंगवलेलं आहे. डावीकडची भिंत पाढ्यांची. तिचा रंग पोपटी हिरवा. भिंतीला लाइट दिला, भिंतीने मुलांना दिला, सोबत आपला रंगही दिला. पंधरा मिनिटांत पहिला निरोप आला: “मॅडम पोरगी हिरवी कावून दिसायली?” त्यामागोमाग दुसरा: “आमचा बी हिरवा हाय. दवाखान्यात न्यावं का?” सोमवारी सरांनी व्हरांड्यातच गाठलं.

“मॅडम, चौथीचा वर्ग झाडावरून उतरवलाय का काय?”

सगळे फोटो पुन्हा काढले. वहीत लाल शाईने लिहिलं: आधी भिंत बघणे. ही चूक मार्चमध्ये झाली हे बरं झालं, एप्रिलमध्ये झाली असती तर परत काढायला मावशी नसत्या, असं मी स्वतःला सांगितलं. एप्रिलसाठी वेगळी चूक शिल्लक होती, हे तेव्हा माहीत नव्हतं.

पंचवीस तारखेला मी साडेसहाला शाळेत होते. आठ सेल रात्रभर चार्जिंगला लावले होते, चार आत आणि चार पिशवीत. मेमरी कार्ड रिकामं, लेन्सची काच पुसलेली, सगळ्यापुढे वहीत खुणा. मावशी माझ्याही आधी आल्या होत्या. गॅस असताना चूल पेटवून बसल्या होत्या. “शेवटच्या दिशी चूलच पायजे,” म्हणाल्या. अंगावर नवी साडी, गर्द निळी. मोठ्या पातेल्यात आमटी, शेजारी भात.

नऊ वाजता कार्यक्रम झाला. भाषणं दोनच. साडी दिली. मग झेंड्याच्या कट्ट्यासमोर सगळ्यांचा फोटो. मावशींना मी हाताला धरून शेडमधून आणलं आणि मधोमध बसवलं. ऊन तोवर चांगलंच वर चढलं होतं. अशा उन्हात आमच्याकडच्या माणसांचे फोटो का काळे येतात, ते मला त्या महिन्यात कळलं होतं. बायकांच्या डोक्यावर पदर, पुरुषांच्या डोक्यावर टोपी नाहीतर फेटा. ऊन वरून येतं आणि नाकाच्या वरचा सगळा चेहरा त्या सावलीत बुडतो. त्यावर उपाय एकच, भर उन्हात समोरून फ्लॅश.

पहिला उजेड पडताच मागच्या रांगेतून एक बाप ओरडला, “मॅडम, एवढ्या उनात बॅटरी लावून काय हुडकायलात?”

“तुझी अक्कल,” मावशी मागे न बघता म्हणाल्या. “गप उबा ऱ्हा.”

सगळे हसले तेव्हाच मी दुसरा काढला, आणि तो आला. पडद्यावर पदराखालचे डोळे दिसत होते, टोप्यांखालचे दिसत होते, आबांच्या पांढऱ्या फेट्याखालच्या भुवयासुद्धा. मी मनात म्हटलं, आता शेड म्हणजे दहा मिनिटांचं काम.

आबांबद्दल इथे सांगायला हवं. मावशी बौद्ध वस्तीवरच्या. वीस वर्षांपूर्वी त्या स्वयंपाकाला लागल्या तेव्हा गावातल्या काही घरांनी मुलांना शाळेत जेवू दिलं नाही, घरून डबे पाठवले. त्यात आबांचं घर होतं. मावशी त्या मुलांची ताटं रोज मांडायच्या आणि जेवणं झाल्यावर तशीच कोरी उचलायच्या. मटकीच्या उसळीचा वास आबांच्या नातवाला एका दुपारी सहन झाला नाही आणि तो डबा सोडून पंगतीत येऊन बसला. मग हळूहळू सगळेच. ही गोष्ट मला मावशींनी सांगितली होती आणि वेगळ्या वेळी आबांनीही. बाकी तपशील जुळत नव्हते, ताटांचा आकडा मात्र दोघांनी पाचच सांगितला.

तर शेड. आत चूल, चुलीवर पातेलं, एक हात रुंदीची खिडकी आणि दार. मावशी पातेल्यापाशी पळी घेऊन उभ्या राहिल्या. मी सरळ फ्लॅश टाकून पाहिला. पातेलं सूर्यासारखं पेटलं आणि चेहरा आधार कार्डासारखा आला. ठीक, हे अपेक्षित होतं. भिंती धुराने काळ्या आहेत हे मी आधीच बघून ठेवलं होतं, म्हणून माझी भिस्त छतावर होती. मान वर केली, जोर अर्धा, बटण दाबलं. काळं. जोर पूर्ण केला. फ्लॅशची बारीक शिट्टी थांबून लाल दिवा लागेपर्यंत थांबले, पुन्हा दाबलं. चुलीतला जाळ आला, पदराची कड आली, बाकी काळं.

मी वर बघितलं. पत्रा दिसतच नव्हता. वीस वर्षांची काजळी एक बोट जाड बसली होती, जाळीजळमटांसकट. घरी माझ्या डोक्यावर पांढरा स्लॅब होता. वहीत मी ‘भिंत बघणे’ लिहिलं होतं, ‘छत बघणे’ लिहिलं नव्हतं. नऊ वर्षांत या शेडमध्ये मी मीठ, तेल, तांदळाचा साठा, सगळं तपासलं, पण वर कधी पाहिलं नव्हतं. आमच्या मुलांच्या जेवणाचा सगळा धूर तिथे होता आणि मी दिलेला प्रकाश तो परत द्यायला तयार नव्हता.

“काय झालं?” मावशींनी विचारलं.

“पांढरं काहीतरी पाहिजे. मोठं. वर धरायला.”

सर धावले. सतरंजी आणली, ती लाल. टॉवेल आणला, त्यावर गुलाबी फुलं. ड्रॉइंगचे कागद आणले, ते एका हाताएवढे, आणि चुलीच्या झळीने लगेच वळायला लागले. शाळेत पांढरं म्हणजे खडू. बाहेर मुलं पंगतीत बसून ताटं वाजवत होती. दारात बायकांची गर्दी झाली होती. मावशींचा मुलगा मोटारसायकल घेऊन फाटकाशी उभा होता. जेवणं वाढली की त्या त्याच्या मागे बसून जाणार होत्या, आणि ही चूल पुन्हा त्यांच्या हाताने पेटणार नव्हती.

दारातल्या बायका बाजूला झाल्या, कारण आबा काय चाललंय ते बघायला आले होते. माझी नजर कुठे गेली ते मला कळलं आणि मी ती लगेच खाली घेतली. पण आबांनी पाहिलं होतं.

“काय पायजे मॅडम?”

“काही नाही आबा. पांढरं कापड हवं होतं.”

आमच्या भागात माणूस चारचौघांत फेटा उतरवत नाही. उतरवला तर कोणाच्या तरी पायाशी ठेवायला, नाहीतर घरात कोणी गेलं म्हणून. हे दारातल्या प्रत्येकीला माहीत होतं.

मावशीच म्हणाल्या, “ऱ्हाऊ द्या मॅडम. येतंय तसं येऊ द्या. पोरं भुकेली हायती.” आणि पळी पातेल्यात घातली. त्या पाठमोऱ्या झाल्या. दोन महिने केलेली तयारी मला तेव्हा अगदी फुकट वाटली.

“कावून ऱ्हाऊ द्यायचं?” आबा म्हणाले. आणि कानामागचं टोक सोडवून त्यांनी फेटा उलगडायला सुरुवात केली. एक वेढा, दुसरा, तिसरा. कापड संपेना. शेवटी डोकं उघडं झालं. भुवयांपर्यंतचा चेहरा रापलेला आणि त्याच्या वर ऊन कधीच न लागलेलं गोरं टक्कल. खिडकीतून एक पोरगं किंचाळलं, “आबा टकलं हायती!”

“बगून घे,” आबा म्हणाले. “तुज्या बापाला बी हे बगाया मिळालं न्हाई.”

मावशी वळल्या. त्या कापडाच्या ढिगाकडे बघत म्हणाल्या, “येवढं कापड कानावर व्हतं व्हय! तरीच आमचं कुनाचं ऐकू येत नव्हतं तुमाला.”

दारातल्या बायकांनी तोंडाला पदर लावले. आबाही हसले, पण थोडंच. “आता आलं ऐकू,” म्हणाले.

कापडाची चार पदरी घडी केली. एक टोक सरांनी धरलं, दुसरं धरायला मी अंगणवाडीच्या ताईंना हाक मारणार, तेवढ्यात आबाच उंबरा ओलांडून आत आले आणि दोन्ही हात वर करून उभे राहिले. समितीच्या बैठकीला ते वर्षानुवर्षं येतात, पण शेडच्या आत मी त्यांना त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं. मी फ्लॅशची मान त्या कापडाकडे केली, जोर पाव ठेवला. एक टाकून पाहिला. उजेड आला, मऊ, पांढरा, घरच्या स्लॅबपेक्षा चांगला. पण मावशींनी आबा समोर म्हणून सवयीने पदर पुढे ओढला होता आणि कपाळ पुन्हा सावलीत गेलं होतं.

मी सांगायच्या आधीच त्यांनी ते ओळखलं. “आबांनी फेटा काढलाय,” त्या म्हणाल्या, “मग मीच कावून दडून बसू?” आणि पदर मागे सारला, पार अंबाड्यापर्यंत.

“आबा, हात वर,” मी म्हटलं.

“वरच हायती. बायांनी आज हात वर करायलाच लावलं मला.”

मावशी हसल्या. मी बटण दाबलं.

पडद्यावर त्या दिसल्या. पातेल्याच्या कडेवर प्रकाशाची एक बारीक रेघ, वाफ, मागे काजळी आणि तिच्यापुढे मावशींचा चेहरा, जसा आहे त्याच रंगाचा, तापलेल्या तव्याजवळ वीस वर्षं असलेला. कपाळावरचं गोंदण, हनुवटीवरचे तीन ठिपके, हसताना दिसणारा अर्धा तुटलेला दात. नऊ वर्षं मी त्यांच्या हातचं खाल्लं. हनुवटीवर तीन ठिपके आहेत हे मला तेव्हा कळलं.

कॅमेरा त्यांच्यासमोर धरला. त्यांनी हात पुसले, पडदा जवळ घेतला, लांब धरला, परत जवळ घेतला.

“हां,” म्हणाल्या. “ही मी.”

मग दारातल्या सगळ्या बायकांनी पडदा पाहिला, खिडकीतल्या मुलांनी पाहिला. मला तेव्हा फार अभिमान वाटला. पन्नाशीला आलेल्या बाईने वहीत आकडे लिहून लिहून शिकलेली ही विद्या आहे आणि ती भर कामात उपयोगी पडली. अर्धं श्रेय कापडाचं, हे मला मान्य आहे.

“आत आलाच हायसा तर चव बगून जावा,” मावशी आबांना म्हणाल्या आणि वाटीत आमटी वाढून पुढे केली. आबांनी हात खाली घेतले, उघड्या डोक्याने, चुलीपाशी उभ्या उभ्याच प्यायले.

“मीठ कमी हाय.”

“डब्याची सवय लागली की असंच हुतं,” मावशी म्हणाल्या आणि पातेलं उचलायला सरांना हाक मारली. मुलांची जेवणं वेळेत झाली. आबांनी व्हरांड्यात बसून, कोणाची मदत न घेता, फेटा परत बांधला. त्याला एका जागी काजळीचा हात लागला होता. तो त्यांनी आत दडवला नाही, बाहेरच्या वेढ्यावर राहू दिला.

पुढच्या मंगळवारी मी कार्ड घेऊन बीडला गेले. स्टुडिओवाल्याने फोटो कॉम्प्युटरवर उघडला, बराच वेळ बघितला आणि सवयीने माउस हातात घेतला. “चेहरा जरा उजळ करू, मॅडम?”

“हात लावायचा नाही.”

“भिंत कुठली वापरली?”

“आबांचा फेटा,” मी म्हटलं. त्याने वळून माझ्याकडे पाहिलं, मी थट्टा करते आहे का ते ताडून बघितलं आणि माउस खाली ठेवला. जाताना काच बसवलेली फ्रेम त्याने स्वतः कागदात गुंडाळून दिली.

फ्रेम मी मावशींच्या घरी पोचवली. मला वाटलं, त्या ती पेटीत जपून ठेवतील, कारण ती त्यांनी आपल्यामागे भिंतीवर लावायला मागितली होती. त्यांनी मुलाला तिथल्या तिथे खिळा ठोकायला लावला. “मेल्यावर बगायला मी असनार हाय का? आत्ताच लाव.” मालकांच्या मतदान कार्डावरच्या फोटोशेजारी फ्रेम लागली. मावशी मागे सरकल्या, दोन्हींकडे पाहिलं आणि मालकांना म्हणाल्या, “बगा, असं दिसायचं असतं.” नात खाली बसली होती, तिने वर बघून लगेच सांगितलं, “आजी हाय.”

माझ्या यादीतल्या या कामापुढे खूण झाली. पण त्याच संध्याकाळी मी खाली आणखी एक काम लिहिलं: जुन्या अठरा फोटोंखाली मावशींचं नाव घालणे. बारा झाले. बारांत साडीच्या काठावरून, उभं राहण्याच्या ढबीवरून, पळी धरलेल्या हातावरून त्या मला सापडल्या आणि ‘उभे डावीकडून’च्या ओळीत मी त्यांचं नाव शाईने घातलं. सहांत सापडत नाहीत. दार काळं आहे, एका फोटोत दारात दोघी उभ्या आहेत, एकात बहुतेक नुसती सावली आहे. त्या कुठे आहेत हे त्यांनाच विचारायला हवं. निरोप पाठवला, तर शनिवारी येते म्हणाल्या. शनिवारी शेळी व्याली. पुढच्या वेळी त्या लेकीकडे लिंबागणेशला गेल्या होत्या. आता शाळा सुरू झाली आहे, नव्या बाई शेडमध्ये रुळल्या आहेत, आणि फाइल माझ्या टेबलावर उघडीच आहे. त्या सहा फोटोंखाली मी पेन्सिलीने रेघ मारून जागा सोडली आहे.